उन्हातला हौद, सावलीतला हौद

"प्रोफेसरसाब! ओ प्रोफेसरसाब! माणूस आहात का कोण आहात? आधी खाली या! तुमचे जीव उकळून राहिले इथं!"

पारसमलशेठ भर दुपारी, भर अंगणात, डोक्यावर ओला पंचा टाकून ओरडत होते. शेठचा आवाज कापसाच्या बाजारात घडलेला. ते कुणाच्या कानात काही सांगायला लागले तरी पलीकडच्या गल्लीतला माणूस "बरं बरं" म्हणायचा. त्या दिवशी तर त्यांनी घसा मोकळाच सोडला होता. जळगावच्या नवी पेठेतली झोपलेली कुत्री उठली, बघून घेतलं आणि पुन्हा झोपली.

वरच्या खोलीतून भंगाळे उलटं बनियन घालून धावत खाली आला, मागोमाग मी. बघतो तर उन्हातला हौद मोकळा. त्यात नुसतं पाणी आणि कडुनिंबाचं एक पान. आणि सावलीतल्या हौदात मासोळ्यांची ही गर्दी! एरंडोलच्या बाजारात सुद्धा माणसं एकमेकांच्या अंगावर इतकी चढत नसतील. शेठच्या हातात शेठाणीची पिठाची चाळणी होती, आणि चाळणीतून पाणी ठिबकत होतं.

"काढले मी सगळे," शेठ म्हणाले. आवाजात आता समाधान उतरलं होतं. "एकेक करून त्या हौदातून या हौदात घातले. बिचारे तोंडं वर काढून हवा गिळत होते. आता बघा कसे खुशीत आहेत."

भंगाळे उन्हातल्या हौदाच्या कठड्यावर मटकन बसला. त्या वेळी त्या कठड्यावर भाकरी टाकली असती तर फुगली असती. तरी तो उठला नाही. त्यावरून मी ओळखलं, की प्रकरण गंभीर आहे.

चैत्र संपत आला, की माझ्या नाकात अजून तो अंगणाचा वास येतो. भिजून आंबलेल्या गव्हाचा, तापल्या सिमेंटवर शिंपडलेल्या पाण्याचा, आणि थोडासा माशांचा. परवा आमच्या गच्चीवर सूनबाईंनी ज्वारीच्या बिबड्या वाळत घातल्या, कूलरचा पंखा खडखडायला लागला, आणि मी बसल्या जागी तिथं पोचलो. सत्तर साल असेल किंवा एकाहत्तर. त्या उन्हाळ्यात सालं पण एकमेकांत वितळली होती.

ऊन म्हणजे काय, हे हल्लीच्या पोरांना सांगून कळायचं नाही. माझी डावी चप्पल नशिराबादच्या रस्त्यावर डांबरात रुतली, ती अजून तिथंच आहे. वरून दोनदा नवा रस्ता झाला, पण कुठं आहे ते मी गाडीतून बोट करून दाखवू शकतो. विहिरीतून बादली काढली, की तिच्यात चहाची पूड तेवढी टाकायची बाकी असायची. डासांनी चावणं सोडलं होतं. ते नुसते येऊन विचारपूस करून जायचे. भुसावळचा एक ड्रायव्हर मला शपथेवर सांगायचा, की वैशाखात इंजिनाला कोळसा घालावा लागत नाही, तासभर यार्डात उभं केलं की ते आपोआप शिट्टी मारतं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण त्याचा चेहरा माझ्यासारखाच प्रामाणिक होता.

अशा उन्हात आम्ही जगत कसे होतो? हाच तर भंगाळेचा विषय होता. फक्त त्याला हा प्रश्न माणसांबद्दल पडला नाही, मासोळ्यांबद्दल पडला.

मधुकर भंगाळे आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा लेक्चरर होता. मी पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे पोरांनी जाळलेल्या तारा दुरुस्त करणारा. भंगाळे यावल तालुक्यातल्या केळीवाल्यांचा एकुलता एक. त्यांच्या घरी लहान मूल आधी 'आई' म्हणत नाही, 'घड' म्हणतं. आणि अशा घरात हा जन्मला! ह्यानं हात लावला की केळीचं झाड लाजून वाळायचं. लहानपणी त्याचे वडील, म्हणजे आबा, त्याला बागेत पाण्याच्या बाऱ्यावर पाठवायचे. एका सरीत पाणी भरलं की फावड्यानं बांध फोडून पुढच्या सरीत सोडायचं, एवढंच काम. पण पाटातून एखादी मासोळी वाहत आली, की मधू फावडं टाकून तिच्या मागं. आबा येऊन बघायचे, तर एका सरीत गुडघाभर पाणी, बाकीची बाग कोरडी, आणि पोरगं पाटात पालथं पडलेलं, नाक पाण्यात. "माह्या घरात हे असं पान्याचं पोरगं कसं निंघालं?" असं आबा सगळ्या गावाला विचारत. गावाला तरी काय माहीत!

आता त्याचा विषय सांगतो, घाबरू नका. चोपड्याकडं सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. तिथं डोंगरातून बाराही महिने ऊन पाणी येतं, कुंडातून वाहून पुढं ओहोळात जातं. त्या कोमट ओहोळात भंगाळेला टीचभर लांबीची एक चंदेरी मासोळी सापडली, शेपटीजवळ काळा ठिपका असलेली. हुबेहूब तीच मासोळी तापीत. शास्त्रात तिचं नाव दोन ओळी लांब आहे. आमच्याकडं तिला नाव द्यायला कुणी थांबत नाही, तव्यावर टाकतात.

तर गंमत अशी, की पाणी तापलं की त्यातला प्राणवायू उडतो. तापीची मासोळी तशा पाण्यात टाकली की तोंड वर काढते. उनपदेवची मासोळी मात्र त्याच पाण्यात मिशीला तूप लावल्यासारखी फिरते. का? भंगाळे म्हणायचा, रक्तामुळं. रक्ताला लाल करणारा आणि प्राणवायू वाहून नेणारा जो रेणू आहे, हिमोग्लोबिन, तोच तिचा वेगळा आहे. फार नाही. लांबलचक माळेत एखाद-दुसरा मणी बदलून ओवावा, तेवढा. पण त्या एका मण्यानं ती प्राणवायूला घट्ट धरते. पिढ्यान्‌पिढ्या ऊन पाण्यात जी मासोळी तगली, तिच्याच पोरीबाळींकडं ही माळ आली.

पुण्याच्या त्याच्या गाईडसाहेबांना हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, "सवय हो, भंगाळे. कुठलाही मासा महिनाभर कोमट पाण्यात ठेवा, सवय होते. रेणू-बिणू काही बदलत नाही."

म्हणून ते दोन हौद. भंगाळेनं होळीनंतर तापीच्या चाळीस मासोळ्या उन्हातल्या हौदात सोडल्या आणि उनपदेवच्या वीस सावलीतल्या हौदात. मुद्दाम उलटं. पाणी फार तापलं की घागरभर गार पाणी ओतायचं, म्हणजे कुणी मरायचं नाही, फक्त घाम फुटायचा. सुट्टीनंतर रक्त तपासायचं. तापीवालीचं रक्त उनपदेववालीसारखं झालं असेल, तर सवय. नाही झालं, तर जन्म. कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी आणि नळाला पण सुट्टी, म्हणून हे सगळं शेठच्या अंगणात, कारण शेठच्या वरच्या मजल्यावर तो भाड्यानं राहत होता.

शेठ जैन. त्यांच्या उंबऱ्यात मुंगीसुद्धा पायाखाली येऊ नये म्हणून ते जपून चालायचे. मासे ठेवू का, असं भंगाळेनं विचारलं तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. "खाणार?" "नाही." "मारणार?" "नाही." "मग पाहुणे आहेत." आणि दुसऱ्या दिवसापासून शेठ दोन्ही हौदांना कणकेच्या गोळ्या घालायला लागले. मासोळ्या त्यांच्या धोतराची किनार ओळखायला लागल्या. माणसाला पाहुण्यांचा लळा लागतोच. आणि पाहुणे उन्हात तोंड वर काढून उभे आहेत हे कुठल्या यजमानाला बघवेल?

म्हणून ती चाळणी.

आता त्या हौदात सगळ्या एकत्र. कोण उनपदेवची, कोण तापीची? सगळ्या चंदेरी, सगळ्यांच्या शेपटीजवळ काळा ठिपका. खुणेसाठी पर कातरून ठेवायचे असतात म्हणे. पण शेठसमोर कात्री काढायची भंगाळेची छाती झाली नव्हती.

"शेठ, तुम्ही माझं आयुष्य चाळणीनं चाळलंत हो," भंगाळे म्हणाला.

आणि ते खोटं नव्हतं. कारण मागच्याच आठवड्यात आबा येऊन गेले होते. खांद्यावर केळीचा घड, कपाळावर आठ्या. अंगणात उभं राहून त्यांनी निकाल दिला होता: "हे पाय मधू. आखाजीपरयंत तुह्या त्या पुन्याच्या सायबाकडून काय ते नक्की करून घे. त्यानं 'हा' म्हटलं त ठीक. नाई म्हटलं, त बोचकं बांधायचं आन्‌ केयीत यायचं. माह्या कमरेनं आता फावडं उचलत नाई. रगत हाये तुह्यात केयीवाल्याचं. मासोयीवाल्याचं नाई."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात दिवाळीला कुणी इतकं मोजत नाही. लेकीबाळी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके चढतात, पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस. आणि गाईडसाहेब आखाजीच्या आदल्या दिवशी यायचे होते.

मी भंगाळेच्या पाठीवर थाप मारली. "अरे, रक्तातच फरक असेल तर रक्तच सांगेल ना कोण कुठली ते!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "नाही सांगितलं तर?"

"तर यावलला केळी स्वस्त मिळतील मला."

रक्ताला बोलतं करण्याची युक्ती तेव्हा नवी होती. रेणूवर विजेचा भार असतो. एखाद्या मऊ पण घट्ट मैदानात रक्ताचा थेंब ठेवायचा आणि दोन्ही टोकांना वीज लावायची. ज्याच्यावर भार जास्त तो पुढं पळतो, ज्याच्यावर कमी तो मागं राहतो. आमच्याकडच्या जत्रेत एकटा माणूस एकमेकींना बांधलेल्या बारा गाड्या ओढतो, त्या बारागाड्यांसारखं. ओढणारा जितका जोरकस, तितक्या गाड्या लांब. आणि हिमोग्लोबिन मुळात लाल, त्यामुळं तो कुठवर पळाला हे डोळ्यांनीच दिसतं. वीज मी द्यायची, म्हणजे जुन्या रेडिओच्या पोटातले भाग जोडून. मेलेल्या टॉर्चच्या सेलमधल्या कांड्या दोन टोकांना. रक्त टिपायला टीपकागदाचे बारीक तुकडे. राहिलं मैदान. ते स्टार्चचं लागतं, बटाट्याच्या. मुंबईहून मागवलेली बाटली वाटेतच कुठंतरी सुट्टीवर गेली होती.

"मग बटाटेच किसून काढू या घरी," मी म्हणालो.

शेठ ओसरीवरून म्हणाले, "बटाटा या उंबऱ्याच्या आत येणार नाही."

"मासे आले की शेठ!"

"मासे पाहुणे म्हणून आले. बटाटा कोणत्या नात्यानं येतो?"

मी घरी गेलो, तर माझी थोरली बहीण, अक्का, धुळ्याहून आखाजीला आली होती आणि अंगणात कुरडयांचा चीक शिजवत होती. तीन दिवस भिजवून आंबवलेला गहू, त्याचं दूध, त्याचा चीक. मोठ्या पातेल्यात ती उलथनं फिरवत होती आणि वर आकाशाला रागवत होती. पातेल्यात मैदान शिजत होतं! गुळगुळीत, अर्धपारदर्शक, चकाकतं. मी ओरडलो, "अक्का, मला हे दे!"

अक्का घाटता घाटता म्हणाली, "खावाले?"

"नाही. विजेला."

"काय?"

मी तिला सगळं सांगितलं. रेणू, भार, उनपदेव, आखाजी. ती ऐकत होती, पण अक्काचं ऐकणं म्हणजे पोलिसाचं ऐकणं. शेवटी म्हणाली, "तुनं डोकं फिरनं शे, मना भाऊ. पन त्या पोऱ्याले केयीमा जावानं नही ना? मंग ले जाय." आणि तिनं पातेलं उचलून दिलं.

शेठच्या तळमजल्यावर, गादीच्या खोलीत, आम्ही खिडकीच्या काचेवर लाकडी पट्ट्या लावून चीक ओतला. थंड झाला. दाढीच्या ब्लेडनं बारीक फटी पाडल्या. पहिला थेंब भंगाळेनं स्वतःच्या बोटाचा घेतला, चाचणी म्हणून. मी कळ दाबली.

काय सांगू! चीक क्षणात फसफसला, उकळला, त्यातून फुगे आले, मैदानाच्या मधोमध एक ज्वालामुखी झाला आणि त्यातून जिरं उडालं. होय, जिरं! मग 'फट्‌' झालं आणि नवी पेठेतले पंखे एकदम थांबले. पलीकडच्या दुकानातून कुणीतरी शिवी घातली, आणि ती इतकी सविस्तर होती की शेठनी कानावर हात ठेवले.

अक्का दारात उभी होती. आपल्या चिकाचं कौतुक बघायला म्हणून ती मागून आली होती.

"अक्का, यात मीठ घातलंस?"

"नही तर काय? चवपुरतं टाकं. जिरं बी टाकं, हिंग बी टाकं."

"अगं, मिठानं वीज सुसाट पळते! हे खायचं नाही, म्हणून तर सांगितलं तुला!"

"बिनमीठनं कोनीले देवानं मना हाते जमस नही," अक्का म्हणाली आणि पदर खोचून दुसरा चीक चढवायला निघाली. जाता जाता तिनं बोटानं ज्वालामुखीचा कडा चाटून बघितला. "शिजना मात्र चांगला."

दुसरा चीक बिनमिठाचा झाला. अक्का तो घाटताना सारखी त्याची माफी मागत होती.

मग तुलनेसाठी ताजे पाहुणे लागणार होते. भंगाळे तापीवर गेला, मी उनपदेवला. परत येताना मांडीवर पाण्याची कळशी, कळशीत मासोळ्या, आणि एसटीचा कंडक्टर मला विचारतोय, "यांचं तिकीट?" मी म्हणालो, "ही पोरं पाच वर्षांच्या आतली आहेत." त्यानं कळशीत डोकावून बघितलं, मासोळीनं त्याच्या तोंडावर पाणी उडवलं. तो म्हणाला, "बसा. पण पायरीवर सांडलं तर पुसून जा." त्या गाडीत चोपड्यापासून जळगावपर्यंत थंड एवढी एकच वस्तू होती, कंडक्टरचं तोंड.

कधीकधी वाटतं, या सगळ्यात खरा प्रश्न मासोळीचा नव्हताच. शेठचंच बघा. त्यांचे आजोबा मारवाडातून उंटावर आले. शेठ माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलायचे आणि अक्काशी अहिराणीत भांडायचे. पण ताटात केर-सांगरीची मारवाडी भाजी नसली की त्यांचं जेवण होत नसे. बोली बदलली, ताट बदललं नाही. यात सवय कुठली आणि रक्त कुठलं? माझा पुण्यातला भाचा इथं येतो आणि म्हणतो, "मामा, इथं माणसं राहतात कशी?" त्याचा बाप याच उन्हात गोट्या खेळत मोठा झाला. एका पिढीत कुणाचा रेणू बदलत नसतो. मग तो तोंड वर काढतो ते कशामुळं? हल्ली म्हणे यंत्रं आली आहेत, माळेचे सगळे मणी वाचून कागदावर देतात. ती यंत्रं हे सांगतील की नाही कोण जाणे. आमच्याकडं तेव्हा फक्त कुरडया होत्या.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं गाईडसाहेब आले, कोट घालून. स्टेशनवर उतरले तेव्हा ते डॉक्टर होते. टांग्यानं नवी पेठेत पोचेपर्यंत बी.एस्सी. झाले होते, आणि ओसरीवर बसले तेव्हा फार तर मॅट्रिक उरले होते. शेठनी त्यांचा कोट काढून घेतला, त्यांना आपलं धोतर दिलं, आणि त्यांचे पाय गार पाण्याच्या बादलीत घातले. त्या अवस्थेत त्यांनी भंगाळेची कहाणी ऐकली. दोन हौद, शेठ, चाळणी. आता साहेब म्हणणार, 'संपलं', असं सगळ्यांना वाटलं.

साहेबांनी बादलीत पायाची बोटं हलवली. मग म्हणाले, "म्हणजे आता कुठली मासोळी कुठली, हे तुम्हाला माहीत नाही?"

"नाही, सर."

"उत्तम. म्हणजे तुम्हाला हवं ते तुम्ही वाचलंत, असं कुणाला म्हणता येणार नाही. शेठजी, हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"मी दया केली," शेठ म्हणाले.

"तेच. आमच्या शास्त्रात ती कमी पडते."

रक्ताला शेठनी परवानगी दिली, पण अट घालून. थेंब डास घेतो तेवढाच, शेपटीजवळून, आणि प्रत्येक मासोळी त्यांच्या हातून हौदात परत जाणार. ते हळद घेऊनच बसले. टोचलेल्या प्रत्येक शेपटीला हळद. थोड्याच वेळात हौद असा पिवळा झाला, की आत लग्न लागलंय असं वाटावं. मासोळ्या साहेबांनी स्वतः निवडल्या, डोळे मिटून, शेठच्या चाळणीनं. कडेला दोन फटी ताज्या पाहुण्यांना ठेवल्या. एक उनपदेवची, एक तापीची.

मी कळ दाबली. या वेळी मैदान गप्प राहिलं. बर्फवाल्याकडून आणलेला बर्फ काचेखाली भुशात ठेवला होता. तो वितळायचा, अक्का आणखी आणून ठेवायची आणि एखादा तुकडा स्वतःच्या कानामागं लावायची. भंगाळे चीक बघत नव्हताच. तो भिंतीकडं तोंड करून बसला होता, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

हळूहळू लाल ठिपके सरकायला लागले. पट्टे झाले. आणि मग, हे मी जराही वाढवून सांगत नाही, माझ्या आयुष्यात असं एवढंच आहे, ते पट्टे दोन जागी वेगळे थांबले. काही कडेच्या उनपदेववालीच्या ओळीत, त्यांच्या साधारण दुप्पट तापीवालीच्या ओळीत, होळीनंतर सोडल्या होत्या त्याच हिशेबात. मधे एकही नाही. महिना-दीड महिना उलट पाण्यात राहून, वर एका हौदात मिसळूनसुद्धा प्रत्येकीनं आपलं गाव सांगितलं.

साहेब बादलीतून उठले. धोतर सावरत, ओले पाय टाकत काचेपाशी आले, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "भंगाळे, इकडं बघा हो. भिंतीवर काही लिहिलेलं नाही."

भंगाळे उठून काचेपाशी आला, बघितलं, आणि पुन्हा खाली बसला. या वेळी खाली तापलेला कठडा नव्हता, शेठची गादी होती.

"लिहायला घ्या," साहेब म्हणाले. "हे पुण्याला मी बघतो."

दुसऱ्या दिवशी आखाजी. शेठच्या कडुनिंबाला झोका चढला होता, अक्का त्यावर उभी राहून अशी उंच जात होती की तिला भुसावळचा धूर दिसत असावा. आणि आबा आले. खांद्यावर घड. ठरल्याप्रमाणे.

मला राहवेना. ते उंबऱ्यात असतानाच मी ओरडलो, "आबा, जिंकला तुमचा मधू! तापीची मासोळी इतके दिवस ऊन पाण्यात राहिली, पण रक्त तेच राहिलं! सवयीनं बदललं नाही. जन्माचं ते जन्माचंच!"

आणि बोलून गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, मी काय बोललो.

आबांनी घड खाली ठेवला. त्यांचा चेहरा उजळला. "मंग? इतक्या सालापासून मी दुसरं काय सांगू राह्यलो? रगत बदलत नाई! केयीवाल्याचं पोरगं केयीतच सोभते. पुन्याच्या सायबानं बी तेच काढलं. चाल मधू, बांध बोचकं."

झोका थांबला. अक्का वरूनच माझ्याकडं अशी बघत होती, की मला दुसऱ्या चिकात घालून घाटावं. साहेब चहाच्या कपात बघत राहिले. भंगाळे उन्हातल्या मोकळ्या हौदाकडं बघत होता. आपणच सिद्ध केलेल्या गोष्टीत माणूस असा सापडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

बोलले ते शेठ. आणि नवी पेठेनं पहिल्यांदाच त्यांना हळू बोलताना ऐकलं.

"आबासाब, एक सांगू? ती तापीची मासोळी ऊन पाण्यात मेली नाही, हे खरं. जगली. पण मी रोज बघत होतो ना. दिवसभर तोंड वर काढून उभी. मला शास्त्र नाही समजत. मला बघवलं नाही, म्हणून काढली. तुमचा मधू केळीत होता तेव्हा तुम्ही बघत होता. कसा असायचा?"

मला वाटतं, आबांना तो पाट दिसला असावा, एक सरी भरलेली, बाकी बाग कोरडी, आणि पालथं पडलेलं पोरगं. ते सावलीतल्या हौदापाशी गेले. हळदीनं पिवळ्या पाण्यात मासोळ्या त्यांच्या धोतराची किनार बघून गोळा झाल्या. किनार शेठची नाही हे त्यांना कुठं माहीत! आबांनी घडातलं एक केळं मोडलं, सोललं, चिमटीनं कुस्करलं आणि पाण्यात सोडलं. पाणी खदखदलं.

"केयी खातेत?"

"खातात, आबा," भंगाळे म्हणाला.

आबांनी उरलेलं केळं स्वतः खाल्लं. साल नीट घडी करून कठड्यावर ठेवली. मीच धीर करून विचारलं, "मग आबा? मधूचं काय?"

"राहू दे त्याले अठीच," आबा म्हणाले. "यंदा तसंबी पाटाले पानी कमीच हाये."